फिरता मिक्सर-रेकॉर्डर स्वतः बनवताना: बॅटरीपासून फाइलपर्यंतचा योग्य क्रम

बॅटरीवर चालणारा छोटा मिक्सर आणि त्यातच रेकॉर्डर, असं यंत्र बनवायला घेतलेले बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. टेबलावरच्या पॉवर सप्लायवर सगळं छान चालतं. मग बॅटरी लावली, चार माइक जोडले, डबी बंद केली की शिट्टी, खरखर, टिकटिक सुरू होते आणि तासाभराने हाती अर्धवट फाइल येते. सुटे भाग बहुतेक वेळा चांगलेच असतात, चुकलेला असतो तो कामाचा क्रम. आधी स्क्रीन आणि मेनू, मग कार्ड, मग प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग), आणि बॅटरी शेवटी उरलेल्या जागेत. मी स्वतः पहिली दोन यंत्रं अशीच बनवली आणि दोन्ही मोडीत काढली. खालचा क्रम याच्या बरोबर उलट आहे.

सगळीकडे एकच उदाहरण धरतो: ४ माइक इनपुट, ६ ट्रॅक (४ सुटे, २ मिक्सचे), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एका चार्जिंगवर ८ तास. तुमचे आकडे वेगळे असतील, गणित हेच राहील.

## सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप लागतातच. बंद कपांचा चांगला हेडफोन लागतो, कारण बारीक शिट्टी स्कोपवर दिसण्याआधी कानाला सापडते. शिवाय दोन प्रकारचे प्लग आजच बनवून ठेवा, पुढे प्रत्येक टप्प्यावर लागतील.

पहिला, शांत प्लग: एक्सएलआर प्लगच्या (माइकच्या केबलचा तीन पिनांचा प्लग) आत पिन २ आणि ३ यांच्यामध्ये १५० ओहमचा रेझिस्टर. हा म्हणजे आवाज न करणारा माइक. असे चार बनवा. इनपुट मोकळा ठेवून नॉइज मोजणं किंवा २ आणि ३ सरळ एकमेकांना जोडून मोजणं, दोन्ही चूक. दोन्हींत येणारा आकडा खऱ्या माइकशी जुळत नाही.

दुसरा, भाराचा प्लग: पिन २ आणि ३ एकत्र करून तिथून पिन १ ला १.४ किलोओहमचा रेझिस्टर, किमान अर्ध्या वॉटचा. याचा उपयोग टप्पा ३ मध्ये.

## टप्पा १: कागदावर वीजखर्च

सर्किट काढायला बसण्याआधी एका कागदावर प्रत्येक भागापुढे दोन आकडे लिहा: नेहमीचा खर्च आणि वाईटात वाईट खर्च. बहुतेक जण एकच आकडा लिहितात, तोही डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा.

सगळ्यात जास्त वीज खाते ती फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला दिली जाणारी वीज. आयईसी ६१९३८ या मानकाप्रमाणे ४८ व्होल्टचा माइक १० मिलिअँपिअरपर्यंत करंट घेऊ शकतो. चार माइकचे ४० मिलिअँपिअर, म्हणजे १.९२ वॉट. व्होल्टेज वाढवणारा कन्व्हर्टर ८० टक्के कार्यक्षम धरला तर बॅटरीतून २.४ वॉट जातात. पण अनेक कंडेन्सर माइक ३ ते ५ मिलिअँपिअरवर भागवतात. सरासरी ४ धरली तर हाच खर्च १ वॉटच्या आत येतो.

उरलेल्याचा माझा अंदाज असा: चार प्रीअँप ०.५ वॉट, एडीसी आणि डीएसी (आवाजाचे आकडे करणारी आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी चिप) ०.४, मायक्रोकंट्रोलर व मेमरी ०.५, कार्ड सरासरी ०.२, हेडफोन ०.३, स्क्रीन ०.३. नेहमीची बेरीज ३.२ वॉट, वाईटातली ४.६.

कन्व्हर्टर, वायर, फ्यूज आणि उष्णता यांचा हिशोब ४.६ वर करा. चालण्याच्या वेळेचा हिशोब ३.२ वर: ८ तासांना २५.६ वॉट-तास, त्यात थंडी आणि सेलचं वय यासाठी पाव भाग वाढवून ३२. १८६५० आकाराचा ३००० मिलिअँपिअर-तासांचा एक सेल साधारण १०.८ वॉट-तास देतो. तीन सेल म्हणजे अगदी काठावर. मी चार घेतो: दोन समांतर, अशा दोन जोड्या एकापुढे एक. एकूण ४३ वॉट-तास. विमानात सोबत नेताना लिथियम बॅटरीसाठी सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची असते, तिच्याही आपण बऱ्याच आत राहतो.

जोड्या एकापुढे एक कशासाठी? एकाच पातळीचे सेल ठेवले तर ३ ते ४.२ व्होल्टवरून ४८ व्होल्ट बनवावे लागतात, आणि बॅटरी उतरत आली की फँटमच्या भारासाठीच ०.८ अँपिअर ओढला जातो. दोन पातळ्यांवर (६ ते ८.४ व्होल्ट) तो निम्मा होतो. करंट निम्मा झाला की वायरमधून पसरणारा गोंगाटही निम्मा.

तपासा: बेरीज झाल्यावर सेल खोक्यात खरोखर बसतात का, ते पुठ्ठ्याचा नमुना कापून पाहा. खोका आधी विकत घेऊन सेल नंतर मोजणाऱ्यांचं यंत्र चार तासांत बंद पडतं.

## टप्पा २: बॅटरी आणि तिच्यापुढचं सर्किट

सेल एकाच खरेदीतले, एकाच क्षमतेचे घ्या. समांतर जोडण्याआधी प्रत्येकाचं व्होल्टेज मोजा, फरक ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी सारखे चार्ज करून घ्या. संरक्षण सर्किट (जास्त चार्ज, जास्त उतरणं, शॉर्ट) आणि दोन्ही जोड्यांचं बॅलन्सिंग टाळू नका. मुख्य फ्यूज सेलच्या अगदी जवळ हवा, बोर्डच्या दुसऱ्या टोकाला नको.

सावधान: लिथियम सेलवर थेट सोल्डर करू नका. पट्ट्या वेल्ड केलेले सेल घ्या किंवा चांगला होल्डर वापरा. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्जिंग बंद राहील अशी तापमानाची जोडणी बहुतेक चार्जर चिप्सना असते. ती रेझिस्टर लावून फसवू नका.

उलटी बॅटरी लागली तर वाचवायला साधा डायोड नको, पी-चॅनल मॉसफेट लावा. डायोड अर्धा व्होल्ट गिळतो, म्हणजे सहा व्होल्टवर आलेल्या बॅटरीचा बारावा भाग वाया.

आता धक्क्याचा विचार. यंत्र खांद्यावरून आपटलं की स्प्रिंगवरचा सेल क्षणभर सुटतो. तेवढ्यात मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो आणि चालू फाइल जाते. म्हणून ५ व्होल्टच्या रेषेवर साठा ठेवा. हिशोब सोपा आहे. फाइल बंद करायला दीड सेकंद धरला आणि त्या वेळी फँटम, हेडफोन, स्क्रीन बंद करून खर्च २ वॉटवर आणला तर ३ जूल लागतात. १ फॅरडचा सुपरकॅपॅसिटर ५ वरून ३.५ व्होल्टपर्यंत उतरताना सुमारे ६.४ जूल देतो. भरपूर झालं. मात्र तो भरताना बॅटरीवर शॉर्टसारखा भार येतो, म्हणून त्याच्यापुढे करंट मर्यादित करणारा भाग हवाच.

## टप्पा ३: फँटम पॉवर, सगळ्यात जास्त चुका इथे

४८ व्होल्ट बनवणारा बूस्ट कन्व्हर्टर निवडताना लोक कार्यक्षमतेचा आलेख पाहतात. मी आधी पाहतो तो हलक्या भारावर कसा वागतो ते. पुष्कळ चिप्स भार कमी झाला की वीज वाचवायला झटक्या-झटक्याने चालतात: थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद. हे झटके ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पडतात आणि रेकॉर्डिंगमध्ये शिट्टी येते. एकच माइक जोडला असताना शिट्टी, चार जोडले की गायब, हे त्याचं ओळखीचं लक्षण. चिपवर ठरावीक फ्रीक्वेन्सीने चालण्याची सक्ती करणारी पिन असलेलीच चिप घ्या. शिवाय ४८ व्होल्टवर २२ किलोओहमचा रेझिस्टर कायम ठेवा. तो २ मिलिअँपिअरचा किमान भार देतो आणि यंत्र बंद केल्यावर कॅपॅसिटर रिकामे करतो.

दुसरी खोच. यंत्रात तीन कन्व्हर्टर असतील आणि एक ५०० किलोहर्ट्झवर, दुसरा ५०३ वर चालत असेल, तर त्यांच्यातल्या फरकाचा, म्हणजे ३ किलोहर्ट्झचा सूर तयार होतो. तापमान बदललं की तो सूर हळूहळू वर-खाली सरकतो. सगळे कन्व्हर्टर एकाच क्लॉकला बांधा. ही सोय नसलेली चिप स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

कन्व्हर्टरनंतर प्रत्येक इनपुटला वेगळा गाळक: १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड, ६३ व्होल्टचा. चारही इनपुटना मिळून एकच १०० ओहम लावला तर ४० मिलिअँपिअरवर ४ व्होल्ट पडतात आणि आपण मानकाच्या खालच्या काठावर, ४४ व्होल्टवर येतो. वेगवेगळे लावले तर प्रत्येकी १ व्होल्टच जातो.

मग पिन २ आणि ३ ला फँटम पोचवणारी ६.८१ किलोओहमची जोडी. इथे अचूक मूल्यापेक्षा दोघांची जुळणी महत्त्वाची आहे. मानकात जोडीतला फरक ०.४ टक्क्यांपर्यंत चालतो, मी ०.१ टक्क्याचे रेझिस्टर घेतो. दोघांत फरक पडला की लांब केबलवर उचललेली गुणगुण दोन तारांवर सारखी राहत नाही आणि प्रीअँप ती पुसू शकत नाही.

सावधान: फँटम चालू असताना कुणी इनपुटचा शॉर्ट केला, तर फँटमला प्रीअँपपासून अडवणारा, ४८ व्होल्टवर भरलेला ४७ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर उलट्या बाजूने प्रीअँपच्या तोंडात रिकामा होतो. वाटेत १० ओहम असला तरी पहिला झटका ४.८ अँपिअरचा. म्हणून इनपुटच्या दोन्ही तारांवर १० ओहम आणि तिथून दोन्ही रेलकडे (प्रीअँपच्या अधिक आणि उणे ५ व्होल्टच्या वीजरेषा) दणकट डायोड लावा. एवढं करूनही एक गोष्ट राहून जाते: डायोडने वळवलेला तो चार्ज ५ व्होल्टच्या रेलवर जातो, आणि रेग्युलेटर करंट फक्त देऊ शकतो, गिळू शकत नाही. रेल वर उडते आणि चारही प्रीअँप एकदम जातात. दोन्ही रेलवर झीनर किंवा तत्सम व्होल्टेज रोखणारा डायोड हवाच.

तपासा: रिकाम्या इनपुटवर पिन २ ते १ आणि पिन ३ ते १, दोन्हीकडे ४४ ते ५२ व्होल्ट दिसायला हवेत. मग भाराचा प्लग लावा. १० मिलिअँपिअरच्या आसपास करंट जाऊन पिनवर जवळपास १४ व्होल्ट उरायला हवेत. १० व्होल्ट दिसले तर कन्व्हर्टर दमतोय. चारही इनपुटवर एकदम भार लावून हेच पुन्हा मोजा आणि १० मिनिटांनी कन्व्हर्टरला बोट लावून पाहा.

## टप्पा ४: प्रीअँप, आणि गेन किती पुरे

प्रीअँपला दोन्ही बाजूंची वीज लागते. मी उणे-अधिक ५.५ व्होल्ट बनवून त्यापुढे रेग्युलेटर लावतो आणि उणे-अधिक ५ करतो. रेग्युलेटर सगळा गोंगाट पुसतो हा गैरसमज आहे. कमी फ्रीक्वेन्सीवर तो छान काम करतो, शेकडो किलोहर्ट्झवर त्याची ताकद घसरते, आणि कन्व्हर्टर नेमका तिथेच चालतो. म्हणून रेग्युलेटरच्या आधी छोटी कॉइल आणि कॅपॅसिटर लागतो.

चिप निवडताना पाहा की ती ५ व्होल्टवर चालते का. आयएनए २१७ उणे-अधिक ४.५ व्होल्टपासून चालते आणि तिचा इनपुट नॉइज मोठ्या गेनवर (सिग्नल जास्त पटीने वाढवताना) १.३ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ आहे. १५० ओहमच्या माइकचा स्वतःचा, निसर्गाने दिलेला नॉइज २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात उणे १३१ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) असतो. त्यात चिपचा मिळवला की साधारण उणे १२८ येतो. याहून खाली जाण्यासाठी केलेल्या खर्चात हाती दोन-तीन डेसिबलच लागतात.

आता ज्या प्रश्नावर सगळे चुकतात तो: अ‍ॅनलॉग गेन किती हवा? सवयीने ७० डेसिबल ठेवतात, कारण कमी संवेदनशील डायनॅमिक माइकपुढे कुणी हळू बोललं तर तेवढा लागतो. पण हिशोब करून पाहा.

आपल्या एडीसीची कमाल पातळी २ व्होल्ट, म्हणजे अधिक ८ डीबीयू. तिची डायनॅमिक रेंज ११० डेसिबल धरली तर तिचा नॉइज उणे १०२ डीबीयूवर येतो. प्रीअँपला ४० डेसिबल गेन दिला की माइक आणि प्रीअँपचा मिळून नॉइज उणे १२८ वरून उणे ८८ वर चढतो. तो एडीसीच्या नॉइजच्या १४ डेसिबल वर आहे. म्हणजे ४० डेसिबलनंतर एडीसी काहीच बिघडवत नाही. त्यापुढचा प्रत्येक अ‍ॅनलॉग डेसिबल फक्त हेडरूम (आवाज फाटण्याआधीची वरची मोकळी जागा) खातो. उरलेले ३० डेसिबल एडीसीनंतर आकड्यांत वाढवा. नॉइज तोच राहतो आणि हळू बोलणारा माणूस अचानक ओरडला तरी आवाज फाटत नाही.

हे पटायला मला वेळ लागला. शांत प्लग लावून ४०, ५० आणि ६० डेसिबलवर एकेक मिनिट रेकॉर्ड केलं, नंतर तिन्ही सारख्या पातळीवर आणून ऐकलं. फरक कानाला सापडला नाही.

त्यामुळे अ‍ॅनलॉग गेन १० ते ४० डेसिबल, चार-पाच पायऱ्यांत, पुरतो. प्रत्येक पायरीला ठरावीक रेझिस्टर. घासून खराब होणारं पोटेन्शिओमीटर या जागी नको. चालू रेकॉर्डिंगमध्ये फिरवलं की खरखरतं. मोठ्या आवाजाच्या लाइन सिग्नलसाठी प्रीअँपच्या आधी २० डेसिबलचा पॅड (सिग्नल कमी करणारे रेझिस्टर) द्या, नंतर नव्हे.

वाऱ्याचा दणका थांबवणारा ८० हर्ट्झचा फिल्टर शक्यतो गेनच्या आधी किंवा दोन गेनच्या मधे ठेवा. वारा प्रीअँपमध्येच फाटला तर पुढचा फिल्टर फाटलेलाच आवाज स्वच्छ करत बसतो.

तपासा: १ किलोहर्ट्झचा सूर देऊन पातळी हळूहळू वाढवा. आधी एडीसी भरायला हवी, त्याच्या जरा वर प्रीअँप क्लिप व्हायला हवा. उलटं झालं तर मीटर हिरवा दाखवत राहील आणि रेकॉर्डिंग फाटलेलं निघेल.

## टप्पा ५: लिमिटर आणि एडीसी

लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर जाणारा आवाज दाबणारा भाग) एडीसीच्या आधी, अ‍ॅनलॉगमध्ये हवा. एडीसीत माथा कापला गेला की नंतर कोणतंही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही. लिमिटर कमाल पातळीच्या ४-६ डेसिबल खाली सुरू होऊ द्या आणि त्याचा दिवा मीटरपेक्षा वेगळ्या रंगाचा ठेवा.

३२ बिट फ्लोटबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये लिहिली म्हणून आवाज फाटायचा थांबत नाही. त्याचा खरा फायदा तेव्हाच होतो जेव्हा प्रत्येक इनपुटला दोन एडीसी असतात, एक कमी गेनवर आणि एक जास्त गेनवर, आणि दोघांचे आकडे जोडून एक केले जातात. एकच एडीसी असेल तर २४ बिट लिहा. जागा वाचेल आणि फसवं समाधान मिळणार नाही.

क्लॉकसाठी एडीसीच्या शेजारी २४.५७६ मेगाहर्ट्झचा स्वतंत्र ऑसिलेटर ठेवा आणि मायक्रोकंट्रोलरला त्याच्या तालावर चालवा. उलट नको, मायक्रोकंट्रोलरच्या आत बनवलेला क्लॉक थरथरतो. चित्रीकरणाशी जुळवायचं असेल तर ऑसिलेटरची अचूकताही पाहा. दशलक्षात २० चा फरक तासाला ७२ मिलिसेकंद सरकतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात जवळपास दोन फ्रेम. तापमान सांभाळणारा, दशलक्षात १ चा ऑसिलेटर घेतला तर तोच फरक ३.६ मिलिसेकंद राहतो.

## टप्पा ६: मिक्स

हा टप्पा थोडक्यात. मिक्स एडीसीनंतर, आकड्यांत करा. चार सुटे ट्रॅक फेडरच्या (मिक्समधली पातळी कमी-जास्त करणारी दांडी) आधीचे घ्या, म्हणजे मिक्समध्ये हात चुकला तरी मूळ आवाज शाबूत राहतो. चार सारख्या आवाजांची बेरीज १२ डेसिबलने चढू शकते, तेवढी वरची जागा बेरजेत ठेवा आणि मिक्सला वेगळा लिमिटर द्या. हेडफोनला जाणारा आवाज एडीसीतून गेलेलाच असू द्या. जे रेकॉर्ड होतंय तेच ऐकू यायला हवं. ६४ सॅम्पलच्या बफरने १.३ मिलिसेकंद उशीर होतो, तो खटकत नाही.

## टप्पा ७: बोर्डवरची मांडणी

चार थरांचा बोर्ड घ्या आणि एक थर पूर्ण, अखंड ग्राउंड ठेवा. अ‍ॅनलॉग आणि डिजिटल ग्राउंड कापून वेगळे करण्याचा सल्ला फार दिला जातो. मी तो मानत नाही: कापलेल्या फटीवरून एखादी तार गेलीच, की तिचा परतीचा करंट लांबून वळसा घेतो आणि अँटेना तयार होते. त्यापेक्षा भाग ओळीने मांडा: एक्सएलआर, प्रीअँप, एडीसी, मायक्रोकंट्रोलर, आणि कार्ड अगदी दुसऱ्या टोकाला. कन्व्हर्टर एका कोपऱ्यात, झाकलेल्या कॉइलसह.

एक्सएलआरची पिन १ सरळ धातूच्या खोक्याला जोडा, तीही कमीत कमी लांबीत. ती आधी बोर्डवर फिरवून मग ग्राउंडला नेली तर केबलच्या जाळीवरची सगळी गुणगुण बोर्डमधून वाहते. पिन २ आणि ३ पासून खोक्याला १०० पिकोफॅरडचे जुळणारे कॅपॅसिटर लावा, मोबाइलची टरटर तिथेच अडते.

माझ्या दुसऱ्या बोर्डची गोष्ट इथे कामाची आहे. शांत खोलीत रेकॉर्डिंग ऐकताना टिक्… टिक्… असा आवाज येत होता, साधारण ०.६ सेकंदाला एक. तीन दिवस प्रीअँप बदलण्यात गेले. मग लक्षात आलं की मी कार्डवर ५१२ किलोबाइटचे घास लिहीत होतो, आणि ६ ट्रॅकचा प्रवाह सेकंदाला ८६४ किलोबाइट. भागाकार केला: ०.६ सेकंद. घास निम्मा केला, टिकटिक दुप्पट वेगाने होऊ लागली. कार्ड लिहिताना करंटचा झटका घेत होतं आणि ३.३ व्होल्टची तीच रेषा एडीसीलाही जात होती. कार्डला स्वतःचा रेग्युलेटर आणि शेजारी १०० मायक्रोफॅरड दिल्यावर टिकटिक थांबली. कुठलाही ठरावीक तालाचा आवाज सापडला की आधी सॉफ्टवेअरमधला एकेक वेग बदलून पाहा, ताल बदलतो का. स्क्रीनच्या प्रकाशाचा मंदपणा चालू-बंद पद्धतीने होत असेल तर तोही याच यादीत घ्या.

## टप्पा ८: फाइल लिहिणं

सरासरीने कार्ड सेकंदाला ८६४ किलोबाइट सहज लिहितं. अडचण सरासरीची नाही, मधल्या थांब्याची आहे. कार्ड आतली साफसफाई करताना पाव-अर्धा सेकंद उत्तरच देत नाही. तेवढा काळ आवाज कुठेतरी साठायला हवा. दोन सेकंदांना १.७ मेगाबाइट लागतात, आणि बहुतेक मायक्रोकंट्रोलरच्या आतली मेमरी त्याहून लहान असते. बाहेरून ८ मेगाबाइट लावले की नऊ सेकंदांपेक्षा जास्त अवकाश मिळतो.

सॉफ्टवेअरमध्ये प्राधान्य असं ठेवा: आवाज मेमरीत उतरवणं, मग मिक्स, मग कार्ड, आणि स्क्रीन शेवटी. स्क्रीन आणि कार्ड एकाच बसवर ठेवू नका. मीटर नाचवण्याच्या नादात लिहिणं मागे पडतं.

वाव्ह फाइलमध्ये लांबी सुरुवातीच्या ओळीत लिहिलेली असते. ती शेवटीच लिहायची असं ठरवलं आणि वीज गेली, तर दोन तासांची फाइल शून्य लांबीची दिसते. दर १० सेकंदांनी लांबी ताजी करा. यंत्र सुरू होताना अर्धवट राहिलेली फाइल शोधून दुरुस्त करा.

मर्यादा ४ गिगाबाइटची. आपले ६ ट्रॅक तासाला ३.१ गिगाबाइट घेतात, म्हणजे ८३ मिनिटांच्या आसपास फाइल भिंतीला धडकते. त्याआधीच, २ गिगाबाइटवर, एकही सॅम्पल न गमावता पुढची फाइल सुरू करा. तासाभराच्या चाचणीत ही चूक कधीच दिसत नाही.

तपासा: एडीसीच्या जागी सॉफ्टवेअरमधून एक-एकने वाढणारा आकडा लिहा. रात्रभर रेकॉर्ड करा आणि सकाळी संगणकावर पाहा, आकडा कुठे तुटला का, विशेषतः फाइल बदलण्याच्या सांध्यावर. कानाने हे सापडत नाही. स्वस्त, जुनं, अर्धं भरलेलं कार्ड घालून हीच चाचणी पुन्हा करा.

## टप्पा ९: डबी बंद करून चाचणी

उघड्या बोर्डवरची चाचणी मोजायची नाही. सगळे स्क्रू लावा, बॅटरीवर चालवा आणि या क्रमाने जा.

१. चारही इनपुटला शांत प्लग, फँटम चालू, गेन ४०. एक मिनिट रेकॉर्ड करून प्रत्येक ट्रॅकचा नॉइज मोजा. एडीसीच्या कमाल पातळीच्या ९४ ते ९६ डेसिबल खाली अपेक्षित आहे. एकच ट्रॅक वेगळा असेल तर तो बहुधा कन्व्हर्टरच्या सर्वांत जवळचा असतो.

२. हेच चार्जर जोडून. चार्जिंगचा कन्व्हर्टर वेगळा गोंगाट आणतो, आणि दिवसभराच्या कामात कुणीतरी पॉवर बँक लावतोच.

३. चालू कॉलमधला मोबाइल चारही बाजूंनी डबीला टेकवून. टरटर ऐकू आली तर मोबाइल केबलवर धरा. केबलवर जास्त आली तर दोष पिन १ च्या जोडणीत आहे.

४. फँटम चालू-बंद. त्या इनपुटचा आवाज ४-५ सेकंद आपोआप बंद राहायला हवा, नाहीतर हेडफोनमध्ये कानठळ्या बसवणारा ठोका येतो. हेडफोन गळ्यात ठेवून करा.

५. बॅटरी पूर्ण भरून, खऱ्या चार माइकसह, संपेपर्यंत. टक्केवारीचा आकडा शेवटच्या अर्ध्या तासात कसा घसरतो तेही लिहून ठेवा. हीच चाचणी फ्रिजमध्ये दोन तास ठेवलेल्या यंत्रावर एकदा.

६. रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी उपसून काढा. सलग वीस वेळा. प्रत्येक वेळी फाइल उघडायला हवी आणि शेवटची दोन-तीन सेकंदंच, तीही गेलीच तर, जायला हवीत. विसापैकी एकदा जरी फाइल उघडली नाही, तर टप्पा २ मधला सुपरकॅपॅसिटर किती वेळ धरतोय ते स्कोपवर पाहा. बहुतेक वेळा वीज गेल्याची सूचना मायक्रोकंट्रोलरला उशिरा मिळत असते, कारण ती साठ्याच्या पुढून घेतलेली असते. ती बॅटरीच्या बाजूने घ्या आणि वीस वेळा मोजायला पुन्हा एकपासून सुरुवात करा.